दाबाखालची पत्रं

४ मार्च

प्रिय आत्या,

हे पत्र तुला एक दिवस उशिरा मिळेल आणि तो उशीर मी मुद्दाम केलेला आहे. आधी कारण सांगते, मग तू रागाव.

बाइंडरीत लागून मला तीन आठवडे झाले. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. पासष्टीचे आहेत, बोटं कायम खळीनं चिकट, आणि दिवसभरात बोलतात ते एका पोस्टकार्डावर मावेल. गेल्या मंगळवारी त्यांनी माझ्याकडून एका संगीतशाळेच्या बारा वह्यांना पुठ्ठे लावून घेतले आणि त्या दाबाखाली ठेवल्या. दाब म्हणजे मोठं लोखंडी यंत्र, वर चाक. चाक फिरवलं की वरची पाटी खाली येते आणि वह्या घट्ट बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. मास्तर जेवायला गेले. मी मनाशी म्हटलं, एकच बघते. एक बघितली, छान होती. मग दुसरी बघितली. मास्तर परत आले तेव्हा बाराच्या बारा टेबलावर मांडून मी स्वतःवर खूश होऊन बसले होते.

संध्याकाळपर्यंत सगळ्या कौलासारख्या वाकल्या. मास्तरांनी एक टेबलावर ठेवून बोटानं टोचली. ती डुलायला लागली. म्हणाले, "झोपाळा बरा झालाय." मला रडू यायच्या बेतात होतं आणि हसूच आलं. मग म्हणाले, "ओलं असताना बघायचं नाही. ओलं असताना सगळं चांगलंच दिसतं." आणि पुठ्ठे सोडवायला बसले.

हे मी प्रश्नबाईंना सांगितलं. (दर गुरुवारी जाते त्या समुपदेशक बाई. स्वतः काही सांगत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात, म्हणून मी ठेवलेलं नाव. त्यांना माहीत आहे.) त्या म्हणाल्या, "मग तुझे निर्णयही एक रात्र दाबाखाली ठेवले तर?" तेव्हापासून तसं चाललंय. महत्त्वाचं काहीही कागदावर लिहायचं, कागद दाबाखाली ठेवायचा, सकाळी वाचायचा. अजून पटत असेल तर पुढे. एवढ्यातच मी केस कापण्याचे, शहर सोडण्याचे आणि मास्तरांच्या भाच्याला चार शब्द सुनावण्याचे बेत सकाळी फाडून टाकलेत.

म्हणूनच फोन नाही. फोनवर मी तुला "आता हे शेवटचं" किती वेळा म्हटलंय ते तूच मोज. तोंडानं म्हटलं की ते लगेच खरं वाटायचं. कागदावर मला तसं फसवता येत नाही. आज न पिता एक्केचाळिसावा दिवस आहे. हे मी सकाळी परत वाचीन आणि तेव्हाही खरं असेल तरच पेटीत टाकीन.

इथल्या खोलीत खिडकी आहे, शेगडी आहे, पलंगाचा एक पाय आखूड आहे. घरमालकीण खालून जेवायला हाका मारते, तेव्हा मला तू आठवतेस. तू आयुष्यात कधी मला हाक मारली नाहीस. ताटलीवर चमचा वाजवायचीस! शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, तुझी आत्या मुकी आहे का. मी सांगायचे, पंधरा वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसते, तिचा आवाज अख्ख्या गावाला ओळखू येतो, घरी आल्यावर तो आवाज दमतो. बरोबर ना?

तुझी,
भिंगरी

---

१० मार्च

चि. भिंगरी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. एक्केचाळीस हा आकडा मी फ्रिजच्या दारावर लिहिलाय आणि रोज खोडून पुढचा लिहिते. समोरच्या शिक्षिकाबाईंनी विचारलं, हे काय, गॅसचं बुकिंग का? मी हो म्हटलं.

तुझ्या मास्तरांना माझा नमस्कार सांग. वह्यांचा झोपाळा करूनही ज्यानं तुला घालवलं नाही, तो माणूस सोडू नकोस. मी असते तर तुझा कान पिळला असता. तू चार वर्षांची असताना पेरलेलं बी उगवलं का बघायला दर तासाला उकरायचीस. तुझी आई म्हणायची, या पोरीला थांब हा शब्द शिकवायला वेगळी शाळा काढावी लागेल.

मीही तुझं बघून पत्र दाबाखाली ठेवते आहे. माझ्याकडे शिवणयंत्र आहे, तेच उचलून खाली सारलं. उचलताना कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही. तुझ्या प्रश्नबाईंना सांग, म्हाताऱ्या माणसांसाठी हलकी पद्धत काढा.

नीट जेव. नुसत्या चहावर राहू नकोस. आणि एक सांगते, त्या बाईंना विचारायचं ते विचारू दे, पण जुनं उकरत बसू नकोस. पुढे बघावं माणसानं. तुझे बाबा बघ, बोटीवर असतात, कामात असतात, तो विषय कधी काढत नाहीत, बरे आहेत.

चमच्याचं म्हणशील तर ताटली जवळ असते म्हणून वाजवते. त्यात काय एवढं.

तुझी,
आत्या

---

१९ मार्च

प्रिय आत्या,

छप्पन्न. फ्रिजवर लिही.

मोठी बातमी आधी. मास्तरांनी मला पहिलं अख्खं पुस्तक दिलंय. एका ग्रंथालयाचा जुना शब्दकोश आहे, कणा मोडलेला, पानं सुटलेली. फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, उसवायचे, नव्यानं शिवायचे, कणा बसवायचा, पुठ्ठे, कापड, सगळं माझ्या हातानं. पंधरा एप्रिलला द्यायचा आहे. मास्तर म्हणाले, "घाई केलीस तरी माझी हरकत नाही, पुस्तकाची असेल." त्यांच्या मानानं हे भाषणच झालं.

आता दुसरी. हे पत्र मी दोन रात्री दाबाखाली ठेवलंय.

प्रश्नबाईंनी विचारलं, पिण्याच्या आधी काय असतं? मी म्हटलं, काही नसतं, रिकामा वेळ असतो. त्या म्हणाल्या, रिकाम्या वेळात काय असतं? आणि मी सांगून टाकलं, आत्या. ब्रेकचा आवाज असतो.

चौदा वर्षं झाली. जरा शांत बसले की तो आवाज येतो. तो आला की मला तिथून उठावं लागतं, काहीतरी करावं लागतं, आणि आत्ताच करावं लागतं. कॉलेज मी अर्ध्या तासात सोडलं. पहिल्या नोकरीचा राजीनामा जिना उतरताना फोनवरून दिला. तुला वाटायचं मी हट्टी आहे. मला फक्त पळायचं असायचं. आणि अठराव्या वर्षी मैत्रिणीच्या गच्चीवर पहिल्यांदा प्यायले. बाकीच्या हसत होत्या, नाचत होत्या. मी कोपऱ्यात गप्प बसले होते, कारण दुसऱ्या ग्लासाला आवाज थांबला होता. आठ वर्षांत पहिल्यांदा. पुढच्या आठवड्यात मी एकटीनं प्यायले. त्यात मजेचा भाग कधी नव्हताच.

प्रश्नबाई म्हणतात, त्यांच्याकडे माझ्या वयाची बरीच जणं असं काहीतरी घेऊन येतात. मुळात स्वभाव घाईचा, त्यात लहानपणी काहीतरी भयंकर घडलेलं, आणि मग ग्लास सगळ्यात जवळचा असतो. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, म्हणाल्या, पण तुझं तसं दिसतंय. मला ऐकून बरं वाटलं. मी नुसती वाया गेलेली नाही, याला काही क्रम आहे.

पण त्यांना जे सांगितलं ते तुलाही सांगायला हवं, कारण मी ते कुणालाच कधी सांगितलेलं नाही. आईचा हात मी सोडला होता. आम्ही रस्त्याच्या अलीकडे उभ्या होतो, पलीकडे तू होतीस, हातात माझी नवी बॅडमिंटनची रॅकेट. तू दिसलीस आणि मी हात सोडून पळाले. आई माझ्या मागे आली. मला ढकललं आणि ती गाडीसमोर राहिली. कुणी तिला ओढलं नाही, कुणी ढकललं नाही. मी पळाले म्हणून ती गेली. माझी ही घाई आहे ना, तिनं आधी आईला नेलं, मग मला न्यायला लागली.

तू तिथे होतीस. तू सगळं पाहिलंस. मला एकदा लिही, तुला काय दिसलं ते. काहीही असू दे.

तुझी,
भिंगरी

---

२ एप्रिल

चि. भिंगरी,

उशीर झाला, माफ कर. कंबर दुखत होती. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो दुरुस्त करून घेतला. शिक्षिकाबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा दातांचा डॉक्टर आहे. सोबत स्वेटर पाठवते आहे, बाह्या लांब झाल्यात, दुमडून घाल.

शब्दकोश मिळाला हे वाचून फार आनंद झाला. शिवण घट्ट घाल.

बाकी तू लिहिलंस त्याबद्दल काय लिहू. तू लहान होतीस. झालं ते झालं. त्यावर आता बोलून कुणाला काय मिळणार.

तुझी,
आत्या

---

५ एप्रिल

आत्या,

हा कागद दाबाखाली ठेवलेला नाही. लिहिते आहे आणि लगेच पेटीत टाकते आहे.

"तू लहान होतीस." म्हणजे केलं मीच, फक्त लहान असताना. सरळ लिहायचं होतंस. मी नळाबद्दल विचारलं नव्हतं.

आता चमच्याचंही कळलं. चौदा वर्षं तू मला सांभाळलंस, जेवू घातलंस, ताप आला की उशाशी बसलीस, पण माझं नाव मोठ्यानं घेणं तुझ्या जिवावर आलं. यायचंच. तुझी वहिनी गेली माझ्यामुळे. तुझ्या जागी मी असते तर चमचाही वाजवला नसता.

स्वेटर छान आहे. बाह्या खरंच लांब आहेत. मी बाहेर जातेय.

---

८ एप्रिल

माझी भिंगरी,

तुझा कागद आज सकाळी आला. मी घरमालकीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, ती कामावर गेली आहे. मग मी जिन्यात बसले आणि थोडं रडले. शिक्षिकाबाईंनी पाणी आणून दिलं.

आता नीट वाच. तुझं एकोणीस तारखेचं पत्र आल्यापासून मी हे सात वेळा लिहिलं. दर वेळी शिवणयंत्राखाली ठेवलं आणि दर वेळी सकाळी फाडलं. तुझ्या मास्तरांचं यंत्र ओलं सुकवायला असेल, मी मात्र ते लपायला वापरलं. शेवटी नळाबद्दल लिहून पाठवलं. त्याची मला लाज वाटते.

तू पळालीस ते मी दिसले म्हणून नाही. मी हाक मारली म्हणून.

माझी ड्यूटी संपली होती. रॅकेट घेऊन मी कोपऱ्यावर आले तर तुम्ही दोघी पलीकडे. तुझं लक्ष नव्हतं, तू बुटाची नाडी बघत होतीस. मला धीर निघेना. मी रॅकेट उंच धरली आणि ओरडले, "भिंगरी! पळत ये!" टेलिफोन बोर्डावरच्या बाईचा आवाज, रस्त्याच्या पार पलीकडे पोचला. तू मान वर केलीस, हसलीस आणि आलीस. मी बोलावलं म्हणून आलीस, बाळा. दहा वर्षांची पोर आणखी काय करणार?

आणि आणखी एक, जे तुला कुणीच सांगितलं नाही, कारण आम्ही ठरवलं होतं की या घरात तो विषय काढायचाच नाही. आम्हाला वाटलं, न बोलल्यानं तू विसरशील. तेव्हा चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा होता. गाडीवाल्याचा लाल होता. तो थांबलाच नाही. कोर्टानं त्याला दोषी ठरवलं, शिक्षाही झाली. निकालाचा कागद तुझ्या बाबांनी माझ्या ट्रंकेत ठेवलाय. मी तो काल बाहेर काढला. तुझा दोष असा एकही शब्द त्यात नाही. तुला तो दहा वर्षांपूर्वीच दाखवायला हवा होता.

त्या दिवसानंतर मला कुणाला हाक मारता आली नाही. तोंड उघडलं की तो रस्ता दिसायचा. म्हणून चमचा. तुला वाटलं मला तुझं नाव नको आहे. मला माझा आवाज नको होता. तुझ्या मनावरचं ओझं मी माझ्या भित्रेपणामुळे वाढवून ठेवलं. आणि मी बसले होते तुला उपदेश करत, जुनं उकरू नकोस म्हणून.

आता मला काय म्हणायचं ते म्हण. रागाव, पत्र लिहू नकोस, चालेल. फक्त स्वतःला काही करून घेऊ नकोस. फ्रिजवर मी पाच तारखेचा त्र्याहत्तर लिहून ठेवलाय, पुढे काय लिहायचं ते तू सांगेपर्यंत तसाच ठेवते.

हे पत्र यंत्राखाली ठेवणार नाही. आत्ताच टाकून येते.

तुझी,
आत्या

---

१४ एप्रिल

प्रिय आत्या,

फ्रिजवर नऊ लिही.

होय. पाच तारखेला मी प्यायले. दोन ग्लास. तिसरा समोर आला तेव्हा मला एकदम मास्तरांच्या टेबलावरची ती डुलणारी वही आठवली आणि मी उठून घरी आले. यात शौर्य काही नाही, पोटही बिघडलं होतं. सकाळी आठ वाजता प्रश्नबाईंच्या दाराशी जाऊन बसले. त्यांनी मला प्रश्न न विचारता आधी चहा दिला, तेव्हाच कळलं माझा चेहरा काय झाला असेल. म्हणाल्या, त्र्याहत्तर दिवस कुठेही गेलेले नाहीत, ते तू जगली आहेस. आकडा मात्र पहिल्यापासून. मला ते बरोबर वाटलं.

त्या दिवशी आणखी एक उद्योग केला होता. तुला चिठ्ठी लिहिण्याआधी रागारागात शब्दकोशाचा कणा चिकटवला. तिरका. सहा तारखेला मास्तरांसमोर पुस्तक ठेवलं आणि रात्रीचंही सगळं सांगितलं. मला वाटलं, संपलं आता. मास्तरांनी पुस्तक उलटसुलट केलं, आत गेले आणि ओलं फडकं घेऊन आले. ते कण्यावर ठेवलं आणि म्हणाले, "थांब जरा." पंधरा मिनिटांनी कणा अलगद सुटून हातात आला. मी विचारलं, एवढी कच्ची असते खळ? म्हणाले, "कच्ची नाही. शंभर वर्षं धरते. पण पिठाची असते, पाण्यानं सुटते. चुकणारी माणसं पुस्तकं बांधतात, म्हणून पिठाचीच वापरायची." मग त्यांना स्वतःचंच एवढं बोलणं ऐकून लाज वाटली बहुतेक, कारण दिवसभर पुन्हा तोंड उघडलं नाही.

तुझं पत्र दहा तारखेला आलं. वाचल्यावर पहिल्यांदा मी तुझ्यावर चिडले. खूप. चौदा वर्षं! एक वाक्य सांगितलं असतंस तर! लगेच चार ओळी लिहिल्या, त्यात तुझा बराच उद्धार होता. त्या दाबाखाली घातल्या. अकराला सकाळी वाचल्या, अजून पटत होत्या, पण जरा कमी. पुन्हा घातल्या. बाराला वाचताना मला सारखी तू दिसायला लागलीस, चौतीस वर्षांची, हातात रॅकेट, आनंदानं ओरडणारी. तुलाही धीर निघत नाही हे मला माहीतच नव्हतं. मी म्हणायचे, माझी ही घाई कुठून आली! घरातूनच आली की. तेराला ते कागद फाडले.

आत्या, तू आनंदानं हाक मारलीस. मी आनंदानं आले. त्यात कुणाचा गुन्हा आहे? लाल दिव्याला थांबला नाही तो वेगळाच माणूस होता आणि त्याला आपण दोघींनी घरात घेऊन चौदा वर्षं पोसलं. तू चमचा वाजवत आणि मी ग्लास भरत.

ब्रेकचा आवाज अजून येतो. परवाही आला. पण आता त्याच्या आधी दुसरं काहीतरी ऐकू येतं. मला तुझा आवाज आठवायला लागलाय. खरा आठवतोय की तुझं पत्र वाचून मी जुळवलाय, कोण जाणे. प्रश्नबाई म्हणाल्या, दोन्ही चालेल. निकालाचा कागद मला हवाय. वाचून दाबाखाली ठेवणार नाही, तो सुकलेलाच आहे.

शब्दकोश आज पूर्ण झाला, एक दिवस आधी. काल दुपारी दाबाखाली घातला आणि मास्तर जेवायला गेले तेव्हा मी हात मांडीखाली घेऊन त्याच्यासमोर बसून राहिले. आज सकाळी काढला. टेबलावर ठेवून टोचला. हलला नाही. मास्तरांनी उघडून बघितला, बंद केला आणि कपाटावर ठेवून दिला. संपूर्ण दिवस मी त्या कपाटाकडे बघत होते.

आता माझं एक काम कर. पुढच्या शनिवारी ये. तुझी बस अकराला पोचते. आमची बाइंडरी थांब्याच्या बरोब्बर समोर आहे, मध्ये मोठा रस्ता, सिग्नल आहे. तू उतरलीस की तिथेच उभी राहा, रस्ता ओलांडू नकोस. मी दारात असेन. तिथून मला हाक मार. मोठ्यानं. बोर्डावरचा आवाज काढ.

मी हिरवा लागेपर्यंत थांबेन, दोन्हीकडे बघेन आणि येईन. पळत नाही, चालत.

तुझी,
भिंगरी

---

१७ एप्रिल

भिंगरे,

फ्रिजवर बारा लिहून हे लिहायला बसले आहे.

शनिवारी येते. कागद पिशवीत ठेवलाय. दुसरा स्वेटर आणते आहे, याच्या बाह्या मोजून विणल्यात.

काल दुपारी म्हटलं, आवाज निघतो का ते तरी बघावं. स्वयंपाकघरात उभी राहिले, दार लावलं. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. दुसऱ्यांदा मांजर बोलल्यासारखं काहीतरी निघालं. मग डोळे मिटले आणि तुझं नाव घेऊन ओरडले. ताटल्या वाजल्या गं मांडणीवरच्या!

शिक्षिकाबाई धावत आल्या, हाताला कणीक तशीच. म्हणाल्या, "अहो, काय झालं? कोण पडलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही पडलं. भाचीला बोलावते आहे."

तुझी,
आत्या